वाडीवरचा रात्रीचा दिवा : कोठे, किती व कसा

ज्या वाडीत वीज पोहोचते तिची पहिली मागणी रस्त्यावरच्या दिव्याची असते, आणि ती सर्वस्वी रास्त आहे. रात्री गोठ्यात, पाणवठ्यावर किंवा शौचालयाकडे जाणाऱ्या माणसाला पायाखालची वाट दिसली पाहिजे. परंतु दिवा मंजूर झाल्यावर तो कोणत्या जातीचा असावा, त्याचे तोंड कोणीकडे असावे आणि तो किती वेळ जळावा, ह्याचा विचार क्वचितच होतो. ठेकेदार आणील तो दिवा खांबावर चढतो. हल्ली तो बहुधा पांढराशुभ्र, डोळे दिपविणारा एल.ई.डी. दिवा असतो. त्याचा थोडा उजेड वाटेवर पडतो व पुष्कळसा शेजारच्या भातात, मागच्या रानात आणि आभाळात जातो. ह्या वाया गेलेल्या उजेडालाच प्रकाश-प्रदूषण म्हणतात. धूर किंवा सांडपाणी जसे डोळ्यांना खुपते तसे हे खुपत नाही; उलट ते प्रगतीचे लक्षण समजले जाते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

वाटेवर उजेड पुरेसा पडावा आणि रानाचा काळोख रानाकडे राहावा, असा दिवा बसविता येतो. त्याला जास्त खर्च येत नाही. तो कसा बसवावा हे सांगण्यासाठी येथे मुंबईच्या उपनगरांचे उदाहरण घेतले आहे. ग्रामसेवकांना हे उदाहरण चमत्कारिक वाटेल, कारण अंधेरी, बोरिवली व कुर्ला ह्या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्यात आता एकही ग्रामपंचायत नाही. तथापि काही अंशी ह्याच जिल्ह्याच्या पोटात, पश्चिमेस बोरिवली आणि पूर्वेस भांडुप-मुलुंड ह्यांच्या मध्ये, सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्याला लागून दक्षिणेस आरे दुग्ध वसाहत आहे. १९४९ साली स्थापन झालेली ही वसाहत पशुसंवर्धनाच्या निमित्ताने आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. आरेत आणि उद्यानात वारली, कोकणा, मल्हार कोळी इत्यादी आदिवासी बांधवांचे पाडे आहेत. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, दामूचा पाडा ही त्यांतली काही नावे. पाड्यांवर पावसाळ्यात भात होते, मांडवांवर वेलभाज्या चढतात. चारही बाजूंनी मात्र महानगराचे दिवे आहेत. ठाणे, पालघर, रायगड ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांवर आणखी काही वर्षांनी जी वेळ येणार आहे ती ह्या पाड्यांवर आधीच आलेली आहे.

बिबट्या आणि दिवा

ह्या भागात रात्रीच्या दिव्याचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, जिवाचा आहे. राष्ट्रीय उद्यानात व आरेत बिबटे राहतात. २०१५ साली कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत येथे ३५ बिबट्यांची नोंद झाली होती. २००२ ते २००४ ह्या काळात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. पुढे २०११ पासून वन विभागाने वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय यांच्यासारख्या तज्ज्ञांच्या आणि नागरिकांच्या मदतीने लोकशिक्षणाचे काम हाती घेतले, व काही वर्षे परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरीसुद्धा २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेमध्ये अनेक जण जखमी झाले, आणि २०२२ च्या दिवाळीत एक तान्हे मूल बळी पडले.

अशा ठिकाणी जाऊन, रानासाठी दिवे कमी करा, असा उपदेश करणे शहाणपणाचे होणार नाही. वाघबारशीला वाघोबाची पूजा करणाऱ्या वारली माणसाला बिबट्याचे भय व बिबट्याचा मान हे दोन्ही कोणी शिकवावे लागत नाहीत. त्याच्या अंगणात उजेड हवाच. प्रश्न आहे तो कोणता उजेड खरोखर राखण करतो हा.

बिबट्या दिव्याला भितो, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु उपनगरांतील मोठ्या इमारतींच्या आवारांत, लख्ख उजेडात, कॅमेऱ्यांनी बिबट्याला अनेकदा टिपलेले आहे. स्थिर जळणाऱ्या दिव्याची सवय त्याला लवकर होते. तो वस्तीजवळ येतो तो प्रामुख्याने कुत्र्यांसाठी. आणि कुत्री येतात ती उकिरड्यासाठी. उकिरडा तसाच ठेवून त्यावर मोठा दिवा लावला तर बिबट्याचे येणे थांबत नाही, ते फक्त दिसू लागते. कधीकधी तेही दिसत नाही, आणि ह्याचे कारण आपल्या डोळ्यांच्या रचनेत आहे.

काळोखात गेल्यावर माणसाच्या डोळ्याला पुरते सरावण्यास अर्धा तास लागतो. झगझगीत दिव्याकडे एकदा पाहिले की हा सराव क्षणात नाहीसा होतो. म्हणून उघड्या, तेजस्वी दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाला दिव्याच्या वर्तुळात सर्व काही दिसते, पण वर्तुळाच्या कडेपलीकडे नुसती काळी भिंत दिसते. बिबट्याला मात्र माणसाहून पुष्कळ कमी उजेडात दिसते, आणि तो उभा असतो त्या काळ्या भिंतीपलीकडेच. दिवा जितका प्रखर व जितका उघडा, तितकी ही भिंत अधिक काळी. उलट दिव्यावर झाकण असेल, उजेड सौम्य व सारखा पसरलेला असेल, तर नजर वाटेवरून पुढे झुडपापर्यंत जाते. रानाला जो दिवा कमी उपद्रव देतो तोच माणसाची राखण अधिक चांगली करतो. हे उलटे वाटते खरे, पण कोणत्याही रात्री करून पाहता येते. उघड्या दिव्याखाली उभे राहून समोरच्या बांधावर पाहावे, मग हाताने दिवा आड करून पुन्हा पाहावे. हात आड येताच बांध दिसू लागतो.

उजेडाचे माप

दिवा घेताना आपण वॅट विचारतो. वॅट हे विजेचे माप आहे, उजेडाचे नव्हे. जमिनीवर पडणारा उजेड लक्स ह्या एककाने मोजतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावरील कागदावर जेवढा उजेड पाडते तो साधारण एक लक्स. अंतर दुप्पट केले की उजेड एकचतुर्थांश होतो. म्हणजे तीच मेणबत्ती दोन मीटरांवर पाव लक्स उजेड देते. निरभ्र आकाशातील पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असताना त्याचा उजेडही जास्तीत जास्त पाव लक्सच्याच आसपास भरतो. कोजागिरीच्या रात्री आपण ज्या चांदण्यात अंगणात बसून दूध आटवितो, त्याचे माप एवढेच आहे. चंद्र नसलेल्या रात्री नुसत्या ताऱ्यांचा उजेड तर लक्सच्या हजाराव्या भागाइतका असतो.

आता खांबावरचा दिवा पाहू. भारतीय मानकांनुसार कमी रहदारीच्या दुय्यम रस्त्यांवर सरासरी ४ लक्स उजेड पुरेसा समजला जातो. ४ लक्स म्हणजे सोळा पौर्णिमांचे चांदणे एकत्र! वाडीच्या पायवाटेला याहून जास्त उजेड लागण्याचे काहीच कारण नाही. प्रत्यक्षात खांबाच्या बुडाशी वीस-पंचवीस लक्स, दोन खांबांच्या मध्ये काळोख, आणि शेजारच्या शेतात फुकटचे दोन-तीन लक्स, असा प्रकार सर्रास पाहावयास मिळतो. ज्या प्राण्यांची व कीटकांची दृष्टी ताऱ्यांच्या उजेडात चालण्यासाठी घडलेली आहे, त्यांच्या दृष्टीने दोन लक्स म्हणजे रात्र संपली.

रंगाचाही विचार केला पाहिजे. दिव्याच्या खोक्यावर २२००, २७००, ३०००, ४००० किंवा ६५०० असा आकडा व त्यापुढे केल्विन हे एकक छापलेले असते. आकडा लहान तर उजेड पिवळसर, कंदिलासारखा. आकडा मोठा तर उजेड पांढरा-निळसर. निळा उजेड हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते तेही याचमुळे. म्हणून निळसर दिव्याने रात्रीचे आभाळ अधिक उजळते. शिवाय बहुतेक कीटकांच्या डोळ्यांना निळा व जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश फार जाणवतो, पिवळा-तांबूस कमी जाणवतो. रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे पिवळे होते. २०१५ च्या जानेवारीत केंद्र शासनाने रस्त्यांवरील दिवे एल.ई.डी. करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याने विजेची मोठी बचत झाली. परंतु त्याबरोबर देशभर पांढरा उजेडही पसरला. मुंबईत मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे त्याच वर्षी पांढरे झाले तेव्हा लोकांनी शोभा गेली म्हणून तक्रार केली. शोभेचे राहो, पण पिवळा एल.ई.डी. दिवाही मिळतो आणि तोही वीज वाचवितो, हे त्या वादात फारसे कोणी बोलले नाही.

दिवा, पतंग आणि भात

शेतकऱ्याच्या थेट कामाचा भाग हा आहे. पतंग दिव्यावर प्रेमाने झडप घालतो असे आपण म्हणतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे निराळे कारण दिसून आले आहे. उडणारा कीटक आपली पाठ नेहमी उजेडाच्या बाजूस ठेवतो, कारण निसर्गात रात्रीसुद्धा वरचे आकाश हेच खालच्या जमिनीपेक्षा उजळ असते. पाठ आकाशाकडे ठेवली की तोल सांभाळला जातो. जवळ दिवा असला की कीटक पाठ दिव्याकडे वळवितो, त्याची दिशा सारखी वाकत जाते, आणि तो दिव्याभोवती घिरट्या घालीत अडकून पडतो. तो प्रेमाने आलेला नसतो, त्याची वाट चुकलेली असते.

भाताच्या पिवळ्या खोडकिड्याचा पतंग दिव्याकडे येतो, हे प्रत्येक ग्रामसेवक जाणतो. त्यावरच आपला प्रकाश सापळा आधारलेला आहे. सापळ्यात दिव्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचे घमेले असते, आणि दिवा सायंकाळी तीन-चार तासच लावावयाचा असतो, म्हणजे मित्रकीटक कमी मरतात. आता बांधाला लागून रात्रभर जळणारा पांढरा दिवा काय करतो ते पाहा. तोही पतंगांना बोलावितो, परंतु खाली घमेले नसते. आलेली मादी घिरट्या घालून थकते, जवळच्याच भातावर बसते, आणि पानांच्या शेंड्यांवर अंड्यांचे पुंजके घालते. हा घमेल्याशिवायचा सापळा आहे. दिव्याजवळच्या वाफ्यांत पांढऱ्या पिशा अधिक दिसतात काय, हे ग्रामसेवकांनी येत्या खरिपात आपल्या गावी अवश्य पाहावे.

दुसरी गोष्ट निसवण्याची. भाताच्या अनेक जुन्या, गरव्या जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवतात. दिवस लहान झाला हे रोपाला कळते ते अखंड काळोखाच्या लांबीवरून. रोपावर रात्रभर दिव्याचा उजेड पडत राहिला तर ही खूण पुसट होते. दिव्याखालचा भाताचा तुकडा हिरवागार राहतो, पण शेजारचे भात कापणीला येते तेव्हा तो निसवत असतो. खताचा किंवा बियाण्याचा दोष समजून लोक चुकीच्या ठिकाणी उपाय शोधतात. शेवंतीचे पीकही असेच अंधाराच्या लांबीवर चालते. मळेवाले तिची फुले मुद्दाम लांबविण्यासाठी रात्री दिवे लावतात, त्यावरून उजेडाची शक्ती ध्यानात यावी.

मांडवावरच्या वेलींबद्दलही सांगितले पाहिजे. कारले, काकडी यांची फुले दिवसा मधमाशा फळवितात. परंतु दुधी भोपळा आणि पडवळ यांची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्यांच्यावर रात्री लांब सोंडेचे मोठे पतंग येतात. हे पतंग दिव्याभोवती फिरत बसले तर मांडवावर कोण जाणार? कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली की पाण्याची व खताची चौकशी होते. मांडवाशेजारी दिवा आहे काय, हेही विचारून पाहावे.

दिव्याखाली किडे जमले की बेडूक जमतात, पाली जमतात. आणि बेडकांच्या मागे साप येतो. म्हणून घराच्या दाराच्या अगदी डोक्यावर पांढरा दिवा रात्रभर जळत ठेवणे आणि दारातच जमिनीवर निजणे हे धोक्याचे आहे. मण्यार रात्रीच फिरते. दारावर उजेड हवा असेल तर दिवा दारापासून काही पावले दूर लावून त्याचा झोत दाराच्या पायरीवर आणावा.

रानातील रात्रीचे रहिवासी

उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत वटवाघळे राहतात. त्यांपैकी काही जाती दिव्याखालचे किडे टिपण्यास शिकल्या आहेत, पिंगळाही शिकला आहे. ते पाहून कोणी म्हणेल की दिव्याने पाखरांची सोयच झाली. परंतु कीटक खाणाऱ्या वटवाघळांच्या कित्येक जाती उजेडाचा पट्टा ओलांडत नाहीत. त्यांच्या वाटेवर दिव्यांची रांग उभी राहिली की ती वाट बंद होते. फळे खाणारी वटवाघळे बिया दूरवर टाकून रान वाढवितात. गव्हाणी घुबड शेतातले उंदीर खाते. ह्या जनावरांची मजुरी आपण कधी मोजत नाही, म्हणून ती बुडाल्याचेही कळत नाही. आरेसारख्या वर्षानुवर्षे माणसाच्या वापरातल्या जागेतही अजून नवे जीव सापडतात. २०१० साली तेथील विंचवाची एक जाती शास्त्रज्ञांनी प्रथमच वर्णन केली व तिला आरेचेच नाव दिले.

काजव्याची अडचण सर्वांत स्पष्ट आहे. नर काजवा ठरावीक लयीत उजेड दाखवितो, गवतातली मादी त्याला उत्तर देते, आणि त्या उत्तरावर जोडी जमते. हे सर्व भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ह्या बाजूंना मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंतच्या थोड्या दिवसांत उरकते. त्या दिवसांत जवळ मोठा दिवा असेल तर नराचे लुकलुकणे मादीला दिसत नाही, आणि पुढच्या वर्षीचे काजवे जन्मतच नाहीत. काजवे पाहावयास येणाऱ्या मोटारींचे दिवे व पाहुण्यांच्या हातांतील विजेऱ्या हेही त्यातच आले. ज्या गावांना ह्या पाहुण्यांपासून चार पैसे मिळतात त्यांनी आपले भांडवल आपणच विझवू नये.

समुद्रकाठच्या ग्रामसेवकांसाठी एक गोष्ट अंधेरी तालुक्यातलीच आहे. वर्सोव्याचा किनारा कचऱ्याने भरलेला होता. अफरोज शाह यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी तो २०१५ पासून साफ केला. २०१८ च्या मार्चमध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवाची सुमारे ऐंशी पिले घरट्यातून निघून समुद्रात गेली. अंड्यातून निघालेले पिलू ज्या बाजूचे क्षितिज उजळ दिसते तिकडे चालू लागते. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यालगत दिवे असले की पिले उलटी, वस्तीकडे सरपटतात आणि उन्हाने, कुत्र्या-कावळ्यांनी मरतात. वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांनी कासवांची घरटी राखण्यात मोठा लौकिक मिळविला आहे. जेथे घरटी होतात तेथे समुद्राकडे तोंड असलेले दिवे निदान पिले निघण्याच्या दिवसांत बंद ठेवावेत.

दिवा बसविण्याची रीत

प्रथम दिवा हवा आहे काय, हे ठरवावे. यासाठी वाडीतील बायकांना विचारावे, कारण अंधारात पाण्याला आणि शौचालयाला जाण्याची पाळी त्यांच्यावर अधिक येते. त्यांनी दाखविलेल्या वाटेवर संध्याकाळनंतर स्वतः चालून पाहावे. पुष्कळदा असे आढळते की दिवा चावडीसमोर आणि देवळासमोर आहे, पण शौचालयाच्या वळणावर नाही. आहे तोच खांब योग्य जागी नेला तर नवा दिवा लागतही नाही. उकिरडा वाटेजवळ असेल तर आधी तो हलवावा. कोंबड्या-शेळ्या रात्री चांगल्या बंद कुडाच्या किंवा जाळीच्या आत घालाव्यात. ही कामे दिव्याच्या आधीची आहेत.

दिव्याचे तोंड सरळ खाली असावे. पुष्कळ खांबांवर दिवा तिरका, वर उचललेला बसवितात, म्हणजे उजेड लांब जाईल अशी कल्पना असते. तो लांब जातो खरा, पण शेतात व डोळ्यांत. दिव्याची काच सपाट आणि जमिनीला समांतर असली पाहिजे, व चारही बाजूंना काठ असे असले पाहिजेत की क्षितिजाच्या वर उजेडाचा किरणही जाऊ नये. मागे शेत किंवा रान असेल तर त्या बाजूला जादा आडपडदा मागवावा. तो दिव्याबरोबरच मिळतो. घराबाहेरील साध्या बल्बवर पत्र्याची टोपी गावच्या कारागिराकडूनही करून घेता येते. टोपी बल्बच्या खालच्या टोकाच्या चार बोटे खाली यावी, आतून पांढरा रंग द्यावा, आणि ऊष्णता निघून जाण्यास वर फट ठेवावी. एल.ई.डी. दिव्याच्या पाठीवरील उष्णता काढणाऱ्या पट्ट्या मात्र कशानेही झाकू नयेत, दिवा लवकर जळतो. खांबावर स्वतः कोणी चढू नये. ते काम वीज कंपनीच्या अधिकृत तारमिस्त्रीचेच आहे.

पायवाटेला ५ मीटर उंचीचा खांब पुरतो, आणि दोन खांबांतील अंतर उंचीच्या तीन-साडेतीन पट ठेवावे. असे केल्यास १५ वॅटचा झाकलेला दिवा वाटेवर ४ लक्सहून थोडा अधिकच उजेड देतो. त्याच जागी हल्ली ५० वॅटचा झोतदिवा लावण्याची हौस दिसते. हिशोब असा : ५० वॅटचा दिवा रोज बारा तास जळाला तर वर्षाला २१९ युनिट वीज जाते. १५ वॅटचा दिवा मध्यरात्रीपर्यंत पूर्ण व नंतर निम्म्या शक्तीने जळाला तर सुमारे ४९ युनिट. एका झोतदिव्याच्या विजेवर चार वाटा उजळतात.

रंग २२०० ते २७०० केल्विनचा मागावा. ३००० च्या वर जाऊ नये. रानाच्या, खाडीच्या किंवा किनाऱ्याच्या कडेला २२०० हाच योग्य.

वेळेच्या बाबतीत एकच नियम सर्वत्र लावता येणार नाही. जेथे बिबट्याचा वावर आहे अशा पाड्यावर मध्यरात्रीनंतर दिवे सरसकट मालविणे बरोबर नाही. पहाटे बाहेर जाणाऱ्या माणसाला तेव्हाच उजेड हवा असतो. तेथे माणसाची चाहूल लागताच पूर्ण उजेड देणारा व एरवी मंद राहणारा सौर दिवा उत्तम. त्याची बॅटरीही पावसाळ्यात अधिक पुरते. शौचालयाच्या वाटेवर घरातूनच हाताला येईल असे बटण असले तरी काम भागते. ह्या सर्वांबरोबर प्रत्येक घरी एक चांगली विजेरी असावी. खांब वाट दाखवितो. झुडपात काय हलले ते विजेरीच दाखविते. शाळा, दूध संकलन केंद्र, देऊळ, मैदान येथील दिवे मात्र काम संपताच बंद करावेत. झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांचे तर काहीच कारण नाही. २०२४ साली हा विषय जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि मुंबई महानगरपालिकेने झाडांवरील अशी रोषणाई काढण्याचे आदेश दिले. लग्नाच्या मांडवाची रोषणाई दोन दिवसांची असते. तिच्यावरून गावात भांडण करू नये.

पेंचच्या चार गावांचे काम

हे सर्व कागदावर ठीक, गावे ऐकतील काय, असे कोणी विचारील. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेची वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा ही चार गावे आहेत. तेथे वाघ आहे, म्हणजे भय आपल्याहून कमी नाही. ह्या गावांतील शंभराहून अधिक रस्त्यावरचे व सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसविण्यात आले. २०२४ च्या जानेवारीत पेंचला आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोख्या आकाशाचे उद्यान, असा दर्जा मिळाला. भारतात तो प्रथमच मिळाला. आता तेथे तारे पाहण्यासाठी पाहुणे येतात. गावे अंधारात गेली नाहीत. फक्त उजेड जागेवर आला.

उपनगरातल्या पाड्यांना हे काम महानगरपालिकेमार्फत, वन विभागामार्फत किंवा वीज कंपनीमार्फत करून घ्यावे लागते, व त्यात अर्ज-विनंत्यांचा काळ जातो. ज्या गावांना ग्रामपंचायत आहे त्यांचे काम सोपे आहे. दिवे खरेदी करण्यापूर्वी ग्रामसभेच्या ठरावातच दिव्याचे वर्णन घालावे, कारण नुसते ‘एल.ई.डी. पथदिवे’ एवढेच लिहिले तर ठेकेदार सर्वांत स्वस्त, म्हणजे बहुधा ६५०० केल्विनचा माल देतो. ठरावाची भाषा अशी ठेवता येईल : ‘दिवे १५ वॅटपर्यंतचे, २७०० केल्विनहून अधिक नसलेले, सपाट काचेचे, क्षितिजावर उजेड न टाकणारे, शेताच्या व रानाच्या बाजूस आडपडदा असलेले, आणि मध्यरात्रीनंतर आपोआप मंद होणारे असावेत. बसविल्यावर ग्रामपंचायतीने रात्री पाहणी केल्याखेरीज बिल अदा करू नये.’

पाहणी अमावास्येच्या आगेमागे, आभाळ निरभ्र असताना करावी. प्रत्येक खांबापासून शेताच्या बाजूस तीस पावले चालून जावे आणि मागे वळून पाहावे. दिव्याची काच किंवा आतले जळते ठिपके डोळ्यांना थेट दिसत असतील तर त्या खांबावर खूण करावी व तोंड खाली करून घ्यावे. वाट दिसते पण दिवा दिसत नाही, असे झाले म्हणजे तो खांब पसंत समजावा. हीच पाहणी भात निसवण्याच्या सुमारास पुन्हा एकदा करावी, कारण पावसाळ्यातील वाऱ्याने दिव्यांची तोंडे फिरलेली असतात.